आधी टाका, मग पानी

हिसाचाचीच्या घरात पाऊल टाकणाऱ्याला पाणी मिळायच्या आधी हातात सुई मिळायची. सुईत लाल दोरा ओवलेला असायचा. दिवाणखान्यात जमिनीवर एक अर्धवट गोधडी पसरलेली, तिच्या कडेला गुडघे दुमडून टाचांवर बसलेली चाची, आणि आलेल्या माणसाकडे मान वर करून न बघताच ती म्हणायची, "आधी टाका. मग पानी." आलेला माणूस पाहुणा असो, प्लंबर असो, नाहीतर घरमालक असो, कोणाचीही सुटका नसे. एक टाका घालायचा, गाठ मारायची, मग काय ते बोलायचं. रियाधच्या अल मलाझ भागातल्या आमच्या त्या जुन्या इमारतीत सगळ्यांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की जिन्यात भेटलेला माणूस बोट चोखत असला तर तो चाचीकडून येतोय हे ओळखावं.

मी तिला पहिल्यांदा भेटले ते दोन हजार तीन साली, आमच्या नळाचं पाणी गेलं म्हणून. नवरा शहराच्या ओलाया भागातल्या एका कंपनीत नुकताच लागला होता. तो सकाळी जायचा तो संध्याकाळीच उगवायचा, आणि मी दुसऱ्या मजल्यावर भिंतींशी गप्पा मारत बसायचे. खालच्या मजल्यावर कोणी कोकणातले लोक राहतात एवढं ऐकलं होतं. बेल वाजवली. दार उघडलं ते एका ठेंगण्या, गोऱ्यापान, बारीक डोळ्यांच्या म्हातारीने. अंगात सुती सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी. मला वाटलं, फिलिपिनो मोलकरीण असणार. म्हणून मी मोठ्या ऐटीत हिंदीत विचारलं, "मॅडम घर पे है?"

म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि दाभोळच्या खाडीकाठच्या बोलीत म्हणाली, "मीच मडम. चपला भायेर काढ आनि आत ये."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं काहीतरी त्या वेळी मला वाटलं. पण वाटायला तरी वेळ कुठे होता? हातात सुई आलीच. आम्ही सांगलीकडचे, गोधडी आमच्याकडेही घरोघर असते, पण आल्या पाहुण्याला शिवायला बसवायची रीत मी कुठे पाहिली नव्हती. माझा टाका लांबलचक आणि तिरपा पडला. लाजून मी तो उसवायला लागले तर तिने माझं मनगट धरलं.

"उसवू नुको. वाकडा हाय, पन तुझा हाय."

मग पाणी आलं, चहा आला, आणि तिची सून शमीम आतून हसत बाहेर आली. चाचीला मी दोन-तीनदा अहोजाहो केलं तेव्हा ती म्हणाली, "अहो तर मी माझ्या घोवाला पन नाय केला. तू कशाला करतंस?" तेव्हापासून मी तिला 'अगं चाची' म्हणत आले.

तिचं मूळ नाव हिसाको. जपानमधल्या ओकायामाकडच्या डोंगरातलं एक खेडं हे तिचं माहेर. निकाहाच्या वेळी तिचं नाव हसीना ठेवलं, पण सासरच्या गावाने दोन्ही नावांची भेळ करून 'हिसा' केलं आणि तेच राहिलं. कोकणात पन्नास वर्षं काढल्यावर नवरा वारला आणि मुलगा अन्वर तिला रियाधला घेऊन आला. अन्वरभाईंचं मलाझमध्येच विजेच्या सामानाचं दुकान होतं. बोली तिने पुरती उचलली होती, फक्त 'ळ' काही तिच्या जिभेवर बसला नाही. कोकणात गोधडीला वाकळ म्हणतात. तिची ती कायम 'वाकर'च असायची. भाकरी ती आमच्यासारखी हाताने मोडून खायची, पण माशाचे काटे काढायला मात्र नारळाच्या हिरांच्या दोन काड्या घ्यायची आणि एवढ्या झटपट काटे वेगळे करायची की बघत राहावं. अन्वरभाईंच्या डब्यात पांढऱ्या भाताच्या बरोबर मधोमध, माहेरच्या डब्यासारखं, एकच आमसूल दाबून ठेवायची. "दुकानातले लोक हसतात गं आई," ते म्हणायचे. "हसूं दे," ती म्हणायची, "उपाशी तर नाय ना ऱ्हात?"

अन्वरभाईंना खरी धडकी भरली ती कफील घरी आले त्या दिवशी. कफील म्हणजे ज्याच्या नावावर दुकान, ज्याच्या सहीवर इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना. म्हातारे, जाड भिंगांचे, फार थोडं बोलणारे गृहस्थ. अन्वरभाईंनी खजूर काढले, कॉफी सांगितली, आणि वळून बघतात तर चाचीने कफीलपुढे सुई धरलेली. अन्वरभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. अरबीत माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कफील खाली बसलेसुद्धा. भिंगं कपाळावर सरकवून, जीभ दातांत धरून त्यांनी टाका घातला, बोटाला टोचून घेतलं आणि मोठ्याने हसले. त्यानंतर त्यांच्या घरून जुने पांढरे थोब, म्हणजे अरबांचे पायघोळ झगे, गठ्ठ्याने यायला लागले. चाचीला अस्तराची ददात राहिली नाही.

"टाका घातलेला मानूस वैर धरीत नाय," ती मला म्हणाली.

"आणि धरलं तर?"

"तर वाकर दाखवायची. हा बग तुझा टाका, बोलायचा."

तिच्या गोधड्या आपल्यासारख्याच जुन्या कपड्यांच्या, थरांवर थर घातलेल्या, पण वरचे टाके वेगळे. आपल्याकडे टाके कडेने सुरू होऊन चौकोनी फिरत आत जातात. तिच्या गोधडीवर ते लाटांसारखे एकावर एक चढत जायचे, मध्येच चांदण्या व्हायच्या. ही माहेरची विद्या. तिच्या खेड्यात फाटक्या कपड्यांना थिगळं लावून त्यांवर अशी बारीक टाक्यांची नक्षी करत. आणि थिगळ लपवायचं नाही हा तिचा दंडक. माझ्या एका आवडत्या साडीला मी आतून बेमालूम रफू करून घेतलं होतं, ते तिला दिसलंच. "कशाला लपवलंस? फाटला तर फाटला. फाटका दिसूं दे, वर चांगला टाका घाल. लपवशील तर लोक बोट घालून बगतील." हे वाक्य मी पुढे तिच्यावरच उलटवणार होते, पण ते नंतर.

लाल दोऱ्याची गोष्ट तिने मला तुकड्यातुकड्याने सांगितली, शिवता शिवता, खाली मान घालून. युद्ध चालू असताना तिचा थोरला भाऊ सैन्यात गेला. त्या वेळी तिकडे रीत होती की लढायला जाणाऱ्यासाठी घरच्या बायकांनी पांढऱ्या कापडाचा पट्टा घ्यायचा, रस्त्यात उभं राहायचं, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईला लाल दोऱ्याची एक गाठ मारायला सांगायची. अशा हजार बायकांच्या हजार गाठी झाल्या की पट्टा पुरा. तो पोटाला बांधला की गोळी लागत नाही. तिकडे वर्षांना प्राण्यांची नावं असतात, त्यांतल्या वाघाच्या वर्षात जन्मलेली बाई असली तर तिला जितकी तिची वर्षं तितक्या गाठी मारता येत, म्हणून अशा बायका शोधत हिसाको गावोगाव फिरली. पट्टा पुरा झाला. भाऊ तो बांधून गेला आणि परत आला नाही.

"हजार बायकांनी गाठ मारली," चाची म्हणाली. "त्या सगल्या खोट्या नव्हत्या गो. पन पट्टा लडायला गेला. मी मग ठरवला, आता टाका मागीन तो पांगरुनासाठी मागीन. वाकर कुठे लडायला जात नाय."

युद्ध संपलं. जपान हरला आणि जिंकलेल्यांच्या फौजा येऊन बसल्या. त्यांत हिंदुस्थानी पलटणीही होत्या, आणि त्यांतल्या एका पलटणीत ट्रक चालवणारा इस्माईल होता. हिसाको छावणीच्या धोबीखान्यात फाटके कपडे शिवायची. इस्माईलच्या शर्टाचा खिसा सारखा फाटायचा. "एकच खिसा! मी शिवून द्यायची, हा परत घेऊन यायचा. मना वाटला, हा खिशात फत्तर ठेवतो की काय. मग एक दिस बगितला तर स्वताच फाडीत व्हता." एवढं सांगून ती तोंडावर ओढणी धरून हसायची. त्या वेळी ती पंचाहत्तरीच्या घरात होती.

पलटण परत गेली तेव्हा लग्न करायची मुभा नव्हती. इस्माईल गावी गेला, सैन्य सोडून मालवाहू जहाजावर लागला, आणि काही वर्षांनी जहाज कोबेच्या बंदराला लागलं तेव्हा तिला शोधत डोंगरात पोचला. वडिलांनी अंगणातून परत पाठवलं. ती मात्र त्याच्यामागोमाग निघाली. गावाच्या स्टेशनवर काही बायका उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने कधीकाळी तिच्या भावाच्या पट्ट्यात गाठ मारलेली. ती पुढे आली आणि हिसाकोच्या पायाशी थुंकली.

"आई?" मी विचारलं.

"आई घरात व्हती. भायेर नाय आली."

कोकणात आल्यावर पहिल्याच वर्षी तिने आईला निरोप पाठवला. इस्माईलचा दोस्त दाऊद जहाजावर कोबेला जाणार होता. चाचीने त्याच्याकडून जपानीतली चार वाक्यं घोकून घेतली. मी जिवंत आहे, नवरा चांगला आहे, खायला प्यायला काय मिळतं, या घरात काय चालतं काय नाही, असं साधंच. दाऊद जहाजभर ती वाक्यं म्हणत फिरला म्हणे, एका खलाशाला वाटलं हा दुआ शिकतोय. पण मोठा प्रामाणिक माणूस. डोंगर चढून गेला, वडिलांनी घरात घेतलं नाही तर अंगणातच उभा राहिला आणि चारही वाक्यं खड्या आवाजात म्हणून मागे फिरला. घरातून हूं की चूं झालं नाही. आई दारात आली नाही, तो ज्याला भेटला तो फक्त बाप.

"तिने ऐकला का नाय, तेवडा मना कलला नाय," चाची म्हणाली. "मेली असंल आता. तिला कलला असंल का मी कुठे हाय? का मेली म्हनून बसली असंल?" एवढंच तिला हवं होतं. माफी नको होती, माहेरची जमीन नको होती. आईने आपला निरोप ऐकला का, आणि ऐकून आपल्याला टाकलं का ठेवलं. पन्नासाहून जास्त वर्षं हा एकच प्रश्न तिच्या घशात अडकलेला, आणि तो विचारायला जगात कोणी नाही. मधल्या काळात परत जाणं झालं नाही. आधी पैसा नव्हता, मग पोरं झाली, मग धीर राहिला नाही.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात मला कळलं की शहराबाहेर परदेशी लोक राहतात त्या एका कंपाउंडमध्ये बायकांचा हस्तकलेचा बाजार भरणार आहे, आणि तो भरवणाऱ्यांत जपानी कंपन्यांतल्या इंजिनियरांच्या बायका आहेत. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. धावत खाली गेले. "चाची, तुझ्या गोधड्या घेऊन जाऊ! तुझ्या देशाच्या बायका भेटतील!"

तिच्या हातातली सुई थांबली. "मी नाय येत."

"अगं पण का?"

"तुना नाय कलनार. त्या मना बगतील, वय मोजतील आनि समजतील मी कशी गेली ते. त्यांच्याकडे फौजेच्या मानसांबरोबर गेलेल्या आमच्यासारक्या बायकांसाठी एक शबुद हाय. तो मना आता म्हातारपनी ऐकायचा नाय."

मी जरा हट्टीच आहे. तोंडाला आलं ते बोलून गेले. "फाटकं दिसू दे म्हणणारी तूच ना? का ते फक्त माझ्या साडीपुरतं होतं?"

शमीमने मला डोळ्यांनी दटावलं. चाची उठून आत गेली आणि आतून कडी लागली. पुढे कितीतरी दिवस मी खाली गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार? मग एका दुपारी फोन वाजला. नमस्कार नाही, चौकशी नाही. "गाडी किती वाजता?" चाचीने विचारलं.

अन्वरभाईंनी आम्हाला नेऊन सोडलं. हिरवळीवर टेबलं मांडलेली, केक, मेणबत्त्या, कागदी फुलं. आमच्या टेबलावर तीन गोधड्या. जपानी बायका आल्या आणि टाक्यांवरून बोटं फिरवत हरखून गेल्या. एकमेकींना हाका मारून दाखवू लागल्या. मी इंग्रजीत उत्तरं देत होते. चाची अबाय्यात गुरफटून खुर्चीत मागे बसलेली, एक शब्दही कळत नसल्यासारखी. तिला सगळं कळत होतं हे मला दिसत होतं, कारण ओढणीचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

मग काठी टेकत एक म्हातारी जपानी बाई आली. इथल्या एका इंजिनियरची आई, महिनाभरासाठी मुलाकडे आलेली. नाव मिचिको. चाचीहून थोडी लहान असेल. लाटांच्या टाक्यांवर तिने हात ठेवला, मग चाचीकडे निरखून पाहिलं आणि हळूच जपानीत काहीतरी विचारलं. आणि मग चाचीने तिच्या रोजच्या सवयीने, दुसरं काही सुचलं नाही म्हणून असेल, लाल दोरा ओवलेली सुई तिच्यापुढे धरली.

मिचिकोबाईंचा चेहरा उतरला. त्या वयाच्या बाईला लाल दोरा म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं. तिने सुई घेतली नाही. कमरेत खाली वाकली, वळली आणि निघून गेली.

"बगितलंस?" चाची म्हणाली. तिने गोधड्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली. मला स्वतःचा इतका राग आला होता की घरी पोचल्यावर मी नवऱ्याशी उगाचच भांडले.

पुढच्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, शमीम धापा टाकत वर आली. "वैनी, लवकर चल. ती आयली हाय."

खाली जाऊन पाहते तर मिचिकोबाई आपल्या सुनेला घेऊन आलेल्या. पत्ता त्यांनी बाजार भरवणाऱ्या बायकांकडून काढला होता. काठी बाजूला ठेवून त्या जमिनीवर गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि चाचीपुढे कपाळ टेकलेलं होतं. चाची गोंधळून, "उट गो, उट," असं कोकणीत म्हणत होती. मग तिच्या तोंडून पहिल्यांदाच जपानी आलं. अडखळत, थांबत, मध्ये शब्द शोधत. मिचिकोबाईंची सून चांगलं इंग्रजी बोलायची. मला जे कळलं ते तिच्यामुळे.

मिचिकोबाईंना एक थोरली बहीण होती. तिने अमेरिकन सैनिकाशी लग्न केलं आणि त्याच्या देशी गेली. ती निघाली त्या दिवशी मिचिको घरात असून तिला भेटली नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर, बहीण मेली, असं सांगितलं. हे सांगायची इतकी सवय झाली की पुढे स्वतःच्या नवऱ्यालाही तेच सांगितलं. पण घरात आई होती. आई रोज जेवणाच्या वेळी त्या गेलेल्या मुलीचं ताट मांडायची. दूर गेलेल्या माणसाचं पान वाढून ठेवायची रीत आहे तिकडे, तो सुखरूप राहावा म्हणून. सूपाच्या वाटीवर झाकण ठेवतात आणि जेवण झाल्यावर उचलून बघतात. आतल्या बाजूला वाफेचे थेंब दिसले तर तो माणूस खुशाल आहे. मिचिकोला त्या ताटाची चीड यायची. आई गेली तेव्हा सगळ्यात आधी तिने ते ताट मांडणं बंद केलं.

"तुमच्या हातात तो लाल दोरा बघितला," मिचिकोबाई म्हणाल्या, "आणि मला माझी बहीण माझ्याकडे काहीतरी मागतेय असं वाटलं. म्हणून पळाले."

ते ताट चाचीलाही ठाऊक होतं. भाऊ लढायला गेला तेव्हा तिच्याच आईने त्याचं मांडलं होतं. पण असं ताट आपलंही कोणी मांडलं असेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. घर सोडून पळालेल्या पोरीचं पान कोण वाढतं? तिने मिचिकोबाईंना काहीतरी विचारलं. सुनेने मला सांगितलं, "त्या विचारताहेत, पळून गेलेलीचंही मांडतात का?"

मिचिकोबाई रडत हो म्हणाल्या. मग म्हणाल्या की महिन्याभरात मी परत जाणार आहे, तुमचं गाव आमच्यापासून फार लांब नाही, मी स्वतः जाऊन चौकशी करीन.

इथे हिसाचाची पुन्हा हिसाचाची झाली. डोळे पुसले आणि बोट उगारलं. "आदी तुझ्या भैनीला फोन कर. ती जिती हाय ना? मग? माझ्या गावाला नंतर जा." हे ती कोकणीतच बोलली आणि मग स्वतःच जपानीत केलं. मिचिकोबाईंनी मान खाली घातली. चाचीने सुई पुढे धरली. या वेळी मिचिकोबाईंनी ती घेतली, आणि एकच नाही, दोन टाके घातले. दुसरा बहिणीचा, असं म्हणाल्या. चाचीने कधी कोणाला दोन घालू दिले नव्हते. त्या दिवशी दिले.

त्या गेल्या. हिवाळा सरला, धुळीची वादळं सुरू झाली. चाची तोंडाने काही म्हणायची नाही, पण फोन वाजला की हातातली सुई कापडात तशीच रुतवून ठेवायची. शमीमला फोनवर माहेरच्यांशी फार वेळ बोलायची चोरी झाली. मला मनातून भीती वाटत होती. गाव उठून गेलं असेल तर? कोणी ओळख दिली नाही तर? माझ्याच हट्टाने तिला तिथे नेलं होतं, आणि या वयात तिची अशी निराशा झाली तर ती कोण भरून देणार होतं?

फोन आला तो एका शुक्रवारी दुपारी. अन्वरभाई जुम्म्याची नमाज करून आले होते, शमीमने बिर्याणी केली होती आणि आम्ही दोघं नवराबायको जेवायला खालीच होतो. मिचिकोबाई होत्या. चाची थोडा वेळ ऐकत राहिली आणि मध्येच खुदकन हसली. रिसीव्हरवर हात ठेवून आम्हाला म्हणाली, "हिने केला भैनीला फोन. भैनीने पयला पोटभर शिव्या दिल्या, मग विचारला, आज जेवायला काय केलंस?"

मग तिचा चेहरा बदलला. पलीकडे मिचिकोबाई एकट्या नव्हत्या. त्या चाचीच्या गावी गेल्या होत्या आणि चाचीची धाकटी बहीण त्यांच्या शेजारी बसली होती. चाची घर सोडून गेली तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली. तिने फोन घेतला.

चाचीने तोंड उघडलं आणि तिला एकही जपानी शब्द आठवेना. "अगो, मी हिसा," ती म्हणाली, "मी हिसा गो, कशी हायस?" पलीकडच्या म्हातारीला त्यातलं 'हिसा' तेवढं कळलं असणार, कारण तिच्या हंबरड्याचा आवाज आम्हाला जेवणाच्या चटईपर्यंत आला. अन्वरभाई उठून आईच्या पाठीशी जाऊन बसले. हळूहळू जपानी परत आलं. लहान मुलीसारखा आवाज झाला होता चाचीचा. आम्हाला अक्षर कळत नव्हतं, पण तिने तो प्रश्न विचारला तो क्षण आम्हा सगळ्यांना कळला. ती थांबली, ताठ बसली, एकच वाक्य हळू बोलली, आणि मग फक्त ऐकत राहिली. बिर्याणी गार झाली. कोणाला उठवेना.

फोन ठेवल्यावर शमीमने पाणी दिलं. ते तिने घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. शेवटी मीच विचारलं. "काय म्हणाली गं? आईने ऐकलं होतं?"

"दाराआड उभी व्हती," चाची म्हणाली. "दाऊद अंगनात बोलत व्हता ना, तेवा आई दाराआड उभी ऱ्हाऊन ऐकीत व्हती. चारी वाक्यं. त्याच रातीला तिने माझा ताट मांडला. बापाने उचलून फेकला. तिने दुसऱ्या दिवशी परत मांडला. मग तो फेकायचा बंद झाला. बाप मेला तरी मांडीत व्हती, तिने खाट धरीपरेंत."

अन्वरभाई तोंड फिरवून डोळे पुसत होते. मला वाटलं, एवढंच असेल, एवढं खूप झालं. पण चाचीचं सांगून संपलं नव्हतं. तिला शब्द सापडायला वेळ लागत होता, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. इतकं सुख आणि इतकं रडू एकदमच.

"घरात कवा डुकराचा मटन शिजला," ती म्हणाली, "तर आई माझ्या ताटात तो वाढायची नाय. माझ्यापुरता अंडा करायची. भैनीने विचारला, असा का? तर बोलायची, माझी पोर मुसलमानाच्या घरची हाय. तिला चालत नाय."